‘शेअर’ केलेले ग्लोबल व्हेरिएबल : सामाईक की वाटलेले?

प्रश्न असा आहे : प्रोग्रामचा काही भाग सी भाषेत लिहून कंपाइल केलेला (आधीच यंत्रभाषेत उतरवलेला) आणि काही भाग इंटरप्रिटरवर (चालवतानाच सूचना वाचून अमलात आणणाऱ्या प्रोग्रामवर) चालणारा असेल, तर त्या दोहोंनी ग्लोबल व्हेरिएबल (किंमत साठवणारे, सगळीकडून वापरता येणारे नाव) ‘शेअर’ करण्याला ‘वैश्विक चल वाटून घेणे’ म्हणता येईल का?

‘वैश्विक’ नको. येथे ग्लोबल म्हणजे जगभरचे नव्हे. ते नाव एखाद्या फंक्शनपुरते, म्हणजे प्रोग्राममधल्या एका कामाच्या तुकड्यापुरते, बांधलेले नाही, एवढेच सांगायचे असते, आणि पायथन या भाषेत तर त्याची हद्द मॉड्यूलच्या, म्हणजे साधारणपणे एका फाइलच्या, वेशीपाशीच संपते. ‘चल’ मात्र दहावीच्या ‘दोन चलांतील रेषीय समीकरणां’मुळे ओळखीचे आहे, ते खुशाल वापरावे.

खरी गोम ‘शेअर’मध्ये आहे. इंग्रजीत भाकरीही शेअर होते आणि विहीरही. मराठीत भाकरी वाटून घेतात, विहीर सामाईक असते. वाटलेल्या भाकरीत ज्याचा तुकडा त्याचा, पण सामाईक विहिरीवर एकाने पंप लावला की पाण्याची पातळी दोघांसाठीही खाली जाते.

सीमधील ‘मोजणी’ या चलात 5 असताना ‘लुआ-सेटग्लोबल’ या फंक्शनने ती संख्या लुआ या इंटरप्रिटरवर चालणाऱ्या भाषेच्या ग्लोबलमध्ये ठेवली आणि नंतर सीने आपल्याकडे 6 केले, तरी लुआत 5च राहतात, कारण तेथे गेली ती प्रत, तिला सामाईक म्हणणे चूक ठरेल. याउलट पायथनच्या ‘सीटाइप्स’ या सीशी जोडणाऱ्या मॉड्यूलमधील ‘इन-डीएलएल’ने कंपाइल केलेल्या सी लायब्ररीतले (तयार फंक्शनांच्या संचातले) चल धरले, तर पायथन मेमरीतील त्याच जागी वाचतो आणि लिहितो. ही झाली विहीर.

टीसीएल या आणखी एका इंटरप्रिटरवरच्या भाषेचे ‘लिंकव्हार’ (सीतले चल टीसीएलच्या चलाशी जोडणारे फंक्शन) यांपैकी कशातच चपखल बसत नाही : टीसीएलने चल वाचले की सीमधली किंमत आणली जाते, लिहिले की ती सीकडे पोचते; पण सीने परस्पर केलेला बदल टीसीएलला पुढच्या वाचनापर्यंत, किंवा मुद्दाम कळवेपर्यंत, समजत नाही. याला ‘जोडलेले चल’ म्हणावे.

‘कंपाइल केलेला’साठी ‘संकलित’ सुचवले जाते, पण त्याने वेचक लेखांचा संग्रह डोळ्यांपुढे येतो. मी ‘कंपाइल केलेला’च लिहितो. ‘सामायिक’ हे रूपही चालते, तरी जैन परंपरेत सामायिक ही एक साधना असल्याने मला सातबाऱ्याच्या बोलीतले ‘सामाईक’ अधिक रुचते.