वाचकांचे प्रश्न : मोरिओकाला कुठल्या डब्यात बसायचं?

प्रश्न : टोकियोहून अकिताला जायचं आहे. तिकिटावर 'कोमाची' लिहिलंय, पण तीच गाडी 'हायाबुसा' म्हणूनही दाखवतात. नक्की कुठली? (ठाणे)

उत्तर : टोकियोहून सुटते ती १७ डब्यांची, पण आहेत त्या एकमेकींना जोडलेल्या दोन बुलेट ट्रेन. १ ते १० डबे हिरव्या हायाबुसाचे, ११ ते १७ लाल-पांढऱ्या कोमाचीचे. वाटेतल्या मोरिओका स्थानकावर त्या वेगळ्या होतात. कोमाची पुढे असल्यामुळे आधी ती सुटते आणि डावीकडे अकिताचा रस्ता धरते. मागोमाग हायाबुसा उत्तरेला शिन-आओमोरीकडे जाते.

गफलत होते ती इथेच. दहाव्या आणि अकराव्या डब्याच्या मधे दोन लांबलचक नाकं समोरासमोर असतात, आतून जायला वाट नाही. चुकीच्या भागात चढलात तर कंडक्टरला सांगा आणि पुढच्या थांब्यावर फलाटावरून डबा बदला. मोरिओकापर्यंत तसेच बसून राहिलात तर अकिताऐवजी आओमोरी! दोन्ही गाड्या पूर्ण आरक्षित आहेत, म्हणून तिकिटावरचा डबा क्रमांक हाच खरा पत्ता.

परतीच्या वाटेवर जोडणी बघायची असेल तर मोरिओकाच्या फलाटावर दहाव्या डब्याच्या टोकाशी उभे राहा. हायाबुसा आधी येऊन थांबते. तिच्या नाकाचं झाकण उघडून कपलर, म्हणजे गाड्या जोडणारा आकडा, बाहेर येतो, मग मागून कोमाची मुंगीच्या पावलांनी येऊन टेकते. धक्का जेमतेम जाणवतो.

प्रश्न : धावताना हे जोड सुटत नाहीत का? (पुणे)

उत्तर : सुटलेत. १९ सप्टेंबर २०२४ रोजी फुरुकावा आणि सेंडाईच्या दरम्यान ताशी ३१५ किलोमीटरच्या वेगात जोड सुटला. दोन्ही गाड्यांचे ब्रेक आपोआप लागले आणि त्या एकमेकींपासून सुमारे ३०० मीटरवर थांबल्या. कुणाला इजा झाली नाही. तपासात कोमाचीच्या चालक-कक्षात, जोड सोडवायच्या आणीबाणीच्या स्विचमागे धातूचा कीस सापडला. त्यामुळे शॉर्टसर्किट होऊन सोडण्याचा संकेत गेला असावा, असा निष्कर्ष निघाला. मार्च २०२५ मध्ये पुन्हा तसंच घडल्यावर जोडून चालवणं काही दिवस बंदच ठेवलं होतं. भोपळ्याएवढ्या सुरक्षेच्या गप्पांत मोहरीएवढा कीस विसरू नये!

प्रश्न : मिरजेला एकेकाळी तीन गेज होते. जपानात बुलेट ट्रेन जुन्या लोकल मार्गावर कशी धावते? (मिरज)

उत्तर : मिरजकरांना हे लगेच कळेल. शिंकान्सेनचा, म्हणजे बुलेट ट्रेनचा, गेज (दोन रुळांमधलं अंतर) १४३५ मिलिमीटर, जपानच्या बहुतेक जुन्या मार्गांचा १०६७. मोरिओका ते ओमागारी हा ताझावाको मार्ग सुमारे वर्षभर बंद ठेवून रूळ रुंद केले आणि २२ मार्च १९९७ रोजी अकिता शिंकान्सेन सुरू झाली. पण बोगदे, फलाट आणि वळणं जुनीच राहिली. म्हणून कोमाचीचा डबा २९४५ मिलिमीटर रुंद, तर हायाबुसाचा ३३५०. रुंद डब्यांसाठी बांधलेल्या शिंकान्सेनच्या फलाटावर कोमाचीच्या दाराखाली एक पायरी बाहेर येऊन डबा आणि फलाटातली फट बुजवते. बॅग ओढताना त्या पायरीकडे लक्ष असू द्या.

वेगाचंही तेच. मोरिओकापर्यंत ३२०, पुढे १३०. वाटेत रेल्वे फाटकं आहेत, आणि मार्ग एकेरी असल्यामुळे समोरची गाडी उशिरा आली की आपलीही अडकते. हिमवर्षावात हे हमखास. ओमागारीला गाडी दिशा बदलते, त्यामुळे शेवटचा अर्धा तास तुम्ही पाठमोरे बसता. बहुतेक जण खुर्ची फिरवण्याच्या भानगडीत पडत नाहीत.

या रुंद रुळांवर तिथली लोकलही रुंद गेजचीच लागते. मोरिओकाच्या इतर लोकल गाड्या तिथे जाऊच शकत नाहीत.

प्रश्न : जपान रेल पास आहे. मोरिओकाहून हानावा मार्गाने जाता येईल का? (बंगळुरू)

उत्तर : येईल, पण सगळं पासात बसत नाही. हानावा मार्ग खरा सुरू होतो कोमा स्थानकात. मोरिओका ते कोमा हे रूळ आय.जी.आर. इवाते गिंगा या वेगळ्या कंपनीचे आहेत. २००२ च्या डिसेंबरमध्ये शिंकान्सेन हाचिनोहेपर्यंत वाढली, तेव्हा जुना मार्ग या कंपनीकडे गेला. देशभर चालणारा पास त्या टप्प्याला लागू नाही, तेवढं भाडं वेगळं भरायचं. या गाड्या ० आणि १ क्रमांकाच्या फलाटावरून सुटतात आणि त्यांचं प्रवेशद्वारही निराळं आहे. म्हणजे शिंकान्सेनमधून उतरल्यावर आधी जे.आर.च्या (जपान रेल्वेच्या) फाटकातून बाहेर पडायचं, मग पुन्हा आत शिरायचं. गाडी पकडायला दहा मिनिटं तरी हाताशी ठेवा.

लोकलचं दार आपोआप उघडेल म्हणून थांबू नका, शेजारचं बटण दाबा. एकट्या चालकाच्या गाडीत, कर्मचारी नसलेल्या स्थानकावर, मागच्या दाराने चढून क्रमांकाची चिठ्ठी घ्यायची आणि उतरताना चालकापाशी, पुढच्या दाराने, चिठ्ठी आणि पैसे द्यायचे. सुटे येन जवळ ठेवा.