बांधावरची मारहाण, भरपाई आणि तडजोड

प्रश्न : गेल्या वर्षी मृगाच्या पेरणीच्या वेळी बांध कोरल्यावरून वाद झाला आणि चुलत दिराच्या मुलाने काठी मारल्याने माझ्या पतीच्या उजव्या मनगटाचे हाड मोडले. पोलिसांनी दोषारोपपत्र दाखल केले आहे. आता भावकीतली मंडळी म्हणतात, ‘दवाखान्याचा खर्च घ्या, मुद्रांकावर लिहून द्या आणि केस मागे घ्या.’ पतीला शिक्षेपेक्षा बांध सरळ झालेला हवा आहे; मला मात्र वाटते की पैसे घेतले तर आपलाच अपमान आपण विकल्यासारखे होईल. काय करावे?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, मुद्रांकावरच्या कागदाने हा खटला संपत नाही, हे प्रथम लक्षात घ्या. तो सरकारने चालवलेला खटला आहे आणि फिर्यादीने मनात आणले म्हणून तो मागे घेता येत नाही. मात्र काही गुन्ह्यांत तडजोडीची वाट कायद्यानेच ठेवली आहे. हाड मोडणे म्हणजे गंभीर दुखापत, भारतीय न्याय संहितेचे कलम ११७(२). आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ प्रमाणे या गुन्ह्यात जखमी व्यक्तीला न्यायालयाच्या परवानगीने तडजोड करता येते. जखमी व्यक्तीला, म्हणजे तुमच्या पतीला. भावकीला नाही, आणि गावच्या तंटामुक्ती समितीलाही नाही. २००७ साली सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेतील ही समिती दोन्ही बाजूंना एकत्र बसवू शकते. खटला बंद करण्याचा अधिकार तिला नाही.

अपमान विकण्याबद्दल तुम्ही लिहिले आहे, त्याचे उत्तर भरपाई कोण ठरवतो यात आहे. रक्कम दुसऱ्यांनी ठरवून तुमच्यासमोर ठेवली, तर तो दबाव. तुमच्या पतीने आपले नुकसान स्वतः मोजून मागितले, तर ती भरपाई. त्यात दवाखान्याची बिले येतील, हात प्लास्टरमध्ये असताना पेरणीसाठी लावलेल्या मजुरांची मजुरी येईल, बुडालेले दिवस येतील. माफीही मागता येते. मध्यस्थीच्या बैठकांत मी पाहिले आहे की रक्कम अर्ध्या तासात ठरते, पण ‘माझं चुकलं’ म्हणायला दुपार सरते. अशाच एका बांधाच्या वादात जखमी म्हाताऱ्यांनी एवढेच मागितले होते की ज्याने हद्दीचा दगड उपटला, त्यानेच तो चार माणसांदेखत परत रोवावा. त्या तरुणाने दगड रोवला, खाली वाकून माती दाबली आणि मग म्हाताऱ्यांनी सही केली.

सही करण्याआधी मात्र मोजणी करून घ्या. फौजदारी तडजोडीने बांध सरळ होत नाही. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करावा लागतो. खर्च कोणी द्यायचा आणि मोजणीत निघणारी हद्द दोघांनीही मान्य करायची, हे तडजोडीत स्पष्ट लिहून घ्यावे. पैसे घरी हातात न घेता न्यायालयासमोर घ्यावेत, कारण परवानगी मिळून तडजोड नोंदली गेली की आरोपी निर्दोष सुटल्यासारखा होतो आणि उरलेल्या हप्त्यासाठी तो खटला पुन्हा उभा करता येत नाही. लोकअदालतीत निवाडा झाला तर त्यावर अपीलही नसते.

ही वाट सर्व गुन्ह्यांना खुली नाही, आणि ते योग्यच आहे. ग्यान सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली सांगितले की खून, बलात्कार, दरोडा यांसारखे गुन्हे उभय पक्षांत समेट झाला म्हणून रद्द करता येत नाहीत, कारण तिथे इजा एका घरापुरती राहत नाही.

तुमच्या पतीचे मन होत नसेल, तर त्यांनी नाही म्हणावे. त्याने भरपाईचा हक्क बुडत नाही : खटला चालून दोष सिद्ध झाल्यास, शिक्षा देताना जखमी व्यक्तीला नुकसानभरपाई देण्याचा आदेश न्यायालय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९५ खाली करू शकते. म्हणून दवाखान्याची बिले, एक्स-रे आणि मजुरीच्या पावत्या आजच एका पिशवीत जपून ठेवा. त्या दोन्ही वाटांवर लागतील.