गोव्याचं पेट्रोल, आंबोलीचा घाट आणि पाच लिटरचं माप

कुडाळ आणि बांद्याच्या मधे महामार्गाला लागून आमचा पेट्रोल पंप आहे. काउंटर आता मुलगा बघतो. मी हवेच्या मशिनशेजारी खुर्ची टाकून बसतो, त्यामुळे संपादकांनी पाठवलेली पत्रं वाचायला वेळ मिळतो. या महिन्यात पत्रं बरीच आली आणि निम्म्यांत शिव्या होत्या. शिव्या वगळून प्रश्न घेतोय.

क्रूड तेल स्वस्त झालं की पेपरात बातमी येते, पण पंपावरचा आकडा जागचा हलत नाही. मधले पैसे तुम्ही पंपवालेच खाता ना?
— एक वाचक, इचलकरंजी

आम्ही खाल्ले असते तर पंपाचं छप्पर इतकी वर्षं गळलं नसतं. लिटरमागे आमच्या वाट्याला चार रुपयांच्या आसपास कमिशन येतं. पोरांचे पगार, वीज, टाकीतून उडून जाणारं पेट्रोल, सगळं त्यातच भागवायचं. दर आम्ही ठरवत नाही. १६ जून २०१७ पासून रोज सकाळी सहा वाजता कंपनीचा दर लागू होतो. २०२२ च्या उन्हाळ्यानंतर मात्र रोज बदलणारा हा दर महिनोन् महिने झोपूनच राहिला. मार्च २०२४ मध्ये दोन रुपयांनी उतरला तेव्हा काय ती त्याची झोप मोडली.

आता हिशेब. २०२५ मध्ये आमच्याकडे लिटरला १०५ रुपयांच्या घरात दर होता. त्यात पेट्रोलची मूळ किंमत वाहतूक धरून चोपन्न-पंचावन्न. केंद्राचं उत्पादन शुल्क आणि सेस मिळून २१ रुपये ९० पैसे. राज्याचा व्हॅट २५ टक्के आणि वर लिटरमागे ५ रुपये १२ पैसे, म्हणजे चोवीसच्या आसपास. उरलं ते आमचं. यातली गंमत अशी की राज्याचे २५ टक्के केंद्राच्या शुल्कावरही लागतात. करावरचा हा कर तेव्हा एका लिटरला पाच रुपयांच्या वर जात होता आणि तो पावतीवर कुठेच दिसत नाही.

क्रूडची उतरण तुमच्यापर्यंत का येत नाही, त्याचं उत्तर मे २०२० मध्ये आहे. लॉकडाऊनमध्ये क्रूड कोसळलं आणि केंद्राने एका रात्रीत पेट्रोलवर दहा, डिझेलवर तेरा रुपये शुल्क वाढवलं. त्या वाढीने पंपावरचा दर एक पैसा हलला नाही, कारण स्वस्ताई होती ती शुल्काने वरच्या वर झेलली. नोव्हेंबर २०२१ मध्ये पाच आणि मे २०२२ मध्ये आठ रुपये शुल्क कमी झालं, ते तुम्हाला मिळालं. एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा दोन रुपये वाढले आणि पुन्हा कुणाला कळलं नाही. क्रूड चढतं तेव्हा बोजा तुमचा आणि उतरतं तेव्हा वाटा सरकारचा, असं एखादा ग्राहक माझ्यासमोर म्हणाला तर मला त्याचं म्हणणं खोडता येत नाही.

पेट्रोल जीएसटीत आणलं की एका दिवसात स्वस्त होईल, मग आणत का नाहीत?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, लातूर

बाळा, कायद्यात पेट्रोल जीएसटीच्या बाहेर नाहीच. ते आत आहे, फक्त कर लागू करण्याची तारीख जीएसटी परिषदेने ठरवायची आहे, आणि ती तारीख उगवत नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये लखनौच्या बैठकीत विषय निघाला आणि आत्ता नको म्हणून मिटला. बहुतेक कर जीएसटीत गेल्यावर राज्यांच्या हातात मुद्रांक शुल्क, दारू आणि पेट्रोल-डिझेल एवढीच मोठी दुभती जनावरं उरली, ती कोण सोडेल? शिवाय केंद्राच्या त्या २१.९० रुपयांपैकी राज्यांना वाटून मिळतो तो फक्त १ रुपया ४० पैशांच्या मूळ उत्पादन शुल्कातला हिस्सा. बाकी सगळा सेस आणि अधिभार, तो दिल्लीतच राहतो. त्यामुळे भांडताना फक्त मुंबईकडे किंवा फक्त दिल्लीकडे बोट दाखवू नकोस.

काका, आम्ही सावंतवाडीत राहतो. दर आठवड्याला पत्रादेवीच्या पुढे जाऊन गोव्यात टाकी फुल्ल करतो. मिस्टर म्हणतात फायदा आहे, मी म्हणते नाही. कोण बरोबर?
— एक गृहिणी, सावंतवाडी

हा प्रश्न तुम्ही मला विचारता म्हणजे कमालच. गोव्याला जाणारं गिऱ्हाईक माझ्याच पंपासमोरून हॉर्न वाजवत जातं.

ही सवय लागली ती एप्रिल २०१२ मध्ये. मनोहर पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ शून्यावर आणला आणि गोव्यात लिटरमागे अकरा रुपयांनी दर उतरला. तेव्हा आमच्या नोझलवर कोळ्यांनी जाळी विणायचीच बाकी होती. पुढच्या काळात तिथलाही व्हॅट टप्प्याटप्प्याने वाढला. २०२५ मध्ये फरक आठ रुपयांच्या आसपास राहिला होता.

आता गणित तुमचं. सावंतवाडीहून पत्रादेवी जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर. स्कूटर असेल तर त्यात जवळजवळ लिटरभर पेट्रोल जळतं, आणि पाच लिटरच्या टाकीवर वाचतात चाळीस रुपये. म्हणजे घरचं घालून गोव्याचं आणलं. मोटार असेल आणि ३५ लिटर भरलं तर वाचले २८०, पण पंधराच्या अॅव्हरेजने जाण्या-येण्यात अडीच लिटरच्या वर गेलं, त्याचे अडीचशेपेक्षा जास्त. उरले ते बांद्यात चहा-भजीला संपतात. तेव्हा वहिनी, मुद्दाम जायचं असेल तर तुम्ही बरोबर. म्हापशाला किंवा पणजीला कामाला जाणं असेलच, तर मिस्टर बरोबर. येताना जरूर भरा, मला राग नाही. आमच्याकडचा एक टेम्पोवाला म्हणतो, "पेट्रोल गोयचा, खड्डे आमचे."

फक्त प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरून डिकीत टाकून आणू नका. उन्हात बंद गाडीत पेट्रोलची वाफ कोंडते आणि मग ठिणगीला निमित्त पुरतं.

शंभरऐवजी एकशे दहाचं पेट्रोल भरलं तर फसवणूक होत नाही, हे खरं का?
— रिक्षाचालक, पनवेल

नाही. मशीन पेट्रोल मोजतं, तुमची नोट मोजत नाही. शंभर असो की एकशे सदतीस, मशीन मापात असेल तर मापात आणि नसेल तर दोन्हीत खोट.

खरी गडबड होते ती नोझल धरणाऱ्या हातात. तुम्ही पाचशे सांगता, पोरगा दोनशेवर थांबतो, "किती म्हणालात साहेब?" असं विचारतो, तेवढ्यात दुसरा हवेचं किंवा कार्डाचं काहीतरी विचारून तुमची मान वळवतो. मग मशीन शून्यावर न आणता तिथूनच पुढे तीनशेपर्यंत नेतात आणि पैसे घेतात पाचशेचे. म्हणून फोन खिशात ठेवा, शून्य स्वतःच्या डोळ्यांनी बघा, गाडीतून उतरून बघा. शंका आली तर पाच लिटरचं माप मागा. वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का असलेलं हे माप प्रत्येक पंपावर असावंच लागतं. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंत फरक चालतो, त्याहून कमी भरलं तर बोलायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. माप मागितल्यावर ज्याचा चेहरा उतरतो त्या पंपावर पुन्हा जाऊ नका.

आणि हवा फुकट असते, ती भरून घ्या. दोन हजारांचं पेट्रोल भरणारे हवेसाठी दोन मिनिटं थांबत नाहीत, हे मी रोज या खुर्चीवरून बघतो. मऊ टायरवर गाडी ओढायला इंजिन जास्त पितं.

सकाळी लवकर भरलं तर पेट्रोल जास्त मिळतं का?
— निवृत्त शिक्षक, अकोला

आमची टाकी जमिनीखाली असते, सर. तिथे सकाळ-दुपार फारशी कळत नाही. एका अंशाच्या फरकाने लिटरमागे एखादा मिलिलिटर इकडेतिकडे होतो, म्हणजे दहा पैसे. अकोल्याच्या उन्हात रांगेत उभं राहायचं नसेल तर मात्र सकाळीच जा.

आंबोली घाट उतरताना गाडी न्यूट्रलला टाकतो. पेट्रोल वाचतं ना?
— एक वाचक, गडहिंग्लज

वाचत नाही, उलट जातं. आताच्या एफआय, म्हणजे फ्युएल इंजेक्शनच्या इंजिनांत गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की उतारावर पेट्रोल बंदच होतं. चाकंच इंजिन फिरवत राहतात. न्यूट्रलला टाकलं की इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला पुन्हा पेट्रोल द्यावं लागतं. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत थोडंफार वाचत असेल, पण तेवढ्यासाठी ब्रेक लाल करून घेऊ नका. घाटात सगळा भार एकट्या ब्रेकवर आला की ते तापतात आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. पावसाळ्यात धबधब्याजवळ रस्त्याच्या मध्यावर माणसं फोटो काढत उभी असतात, हेही लक्षात असू द्या. काही शहाणे इंजिनच बंद करून उतरतात. त्यांचं पॉवर स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकचा बूस्टरही दोन-चार दाबांत संपतो.

वाचवायचंच असेल तर चौपदरी महामार्गावर वाचवा. पीसीआरए या इंधन बचतीचा प्रचार करणाऱ्या सरकारी संस्थेच्या पत्रकांवर ताशी ४५ ते ५५ लिहिलेलं असतं. तेवढ्याने कुणी जाणार नाही, मान्य. पण शंभरऐवजी सत्तर-ऐंशीने जा. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि तो कापायचं पेट्रोल तुमच्याच टाकीतलं.

माझी जुनी बाइक पन्नास द्यायची, आता शेहेचाळीस देते. हे ई-२० मुळेच ना?
— एक वाचक, वेंगुर्ले

थोडं त्याच्यामुळे. ई-२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आणि इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच दुचाकींचं अॅव्हरेज तीन-चार टक्क्यांनी घटेल असं लिहिलं होतं. म्हणजे पन्नासचे अठ्ठेचाळीस. खालचे दोन तुमच्या चेनने, हवेने नाहीतर एअर फिल्टरने खाल्ले असणार, ते आधी तपासा. ऊस उत्पादकांचं भलं होतंय याचा मला आनंदच आहे, पण कमी ऊर्जेचं इंधन त्याच भावात विकायचं हे मला ग्राहकासमोर समजावता येत नाही.

तुमच्याकडे मोठा धोका पाण्याचा. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जास्त झालं की दोन्ही मिळून टाकीच्या तळाला बसतात. मुंबईची मंडळी मे महिन्यात गावची बाइक पडवीत लावून जातात आणि चतुर्थीला येऊन किक मारत बसतात. मग इथे येऊन "पंपावरच्या पेट्रोलात पाणी होतं" म्हणून ओरडतात. गाडी चार महिने उभी राहणार असेल तर टाकी गळ्यापर्यंत भरून ठेवा, आत हवा कमी राहते. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर बदला. तळाला पाणी बसलंच असेल तर वरून ताजं पेट्रोल ओतून उपयोग नाही, टाकी पूर्ण निथळून घ्यावी लागते. मेकॅनिकला आठवडाभर आधी सांगून ठेवा. चतुर्थीच्या आदल्या दिवशी तो कुणालाच भेटत नाही.