हेड, टेल आणि पैठणचं पाणी

प्रश्न : साहेब, आमची सहा एकर जमीन गोदावरीच्या डाव्या कालव्यावर आहे. पाऊस कमी झाला की वरच्या धरणांतलं पाणी पोलीस बंदोबस्तात पैठणच्या जायकवाडी धरणात सोडतात, नदीकाठच्या मोटारींची वीज तोडतात. बरंचसं पाणी तर वाळूतच जिरतं. दारणा धरणाचं पाणी आजोबांच्या काळापासून आमचं. हा कसला न्याय?
– एक बागायतदार, कोपरगाव तालुका

उत्तर : पाटबंधारे खात्यात मी तेहतीस वर्षं काढली, त्यातली निम्मी चाऱ्यांवर, म्हणजे कालव्याच्या फाट्यांवर. एका उन्हाळी आवर्तनात, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याच्या पाळीत, टेलच्या (चारीच्या शेवटच्या टोकाच्या) लोकांनी मला भर दुपारी मोटारसायकलसकट अडवून ठेवलं. ‘पाणीमागणीचा सात नंबर अर्ज भरलाय, पाणीपट्टी भरलीय, पाणी कुठंय?’ पाणी हेडला, चारीच्या तोंडाशी होतं. रात्रीत कुणीतरी दारं उचलली होती. हेडवाल्याला विचारलं तर म्हणाला, ‘माझ्या बांधावरून जातं, मग आधी माझं.’ तुमचं पत्र वाचताना तोच आठवला. राग मानू नका.

2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्याने सगळं खोरंच एक चारी धरलं. जायकवाडीचा जिवंत साठा सुमारे 76 टीएमसी, आणि एक टीएमसी म्हणजे 2,831 कोटी लिटर. संभाजीनगर, जालना त्यावर पितात. त्या धरणाच्या वर आपण अडवत गेलो, तेव्हा टेलला कोरड पडणारच. पाणीवाटपाचा अभ्यास करणाऱ्या मेंढेगिरी समितीच्या अहवालावरून 2014 साली प्राधिकरणाने आदेश काढला : खरिपाचा वापर धरूनही 15 ऑक्टोबरला जायकवाडीत 65 टक्क्यांहून कमी पाणी असेल, तर वरच्यांनी सोडायचं. 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही समन्यायी वाटपाची बाजू उचलून धरली. दारणा इंग्रजी अमदानीतलं धरण, हे खरं. पण जुनेपणाचा सातबारा पाण्याला लागत नाही.

पाणी जिरण्याचं म्हणता, ते मात्र सोळा आणे कबूल. पण त्यातला मोठा दोष उशिराचा. ऑक्टोबरात नदीचं पात्र ओलं असतं, तेव्हा सोडलं तर पाणी धावतं. 2023 साली 8.6 टीएमसीचा आदेश ऑक्टोबरअखेर निघाला. मग आंदोलनं, कोर्टकचेऱ्या, आणि प्रत्यक्ष दारं उघडायला नोव्हेंबर संपत आला. तोवर वाळू तहानलेली. शिवाय कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या फळ्या वेळेत काढल्या नाहीत की पाणी तिथेच तुंबतं. आंदोलनं वरच्यांची, खालच्यांचीही. त्यात वाया जातं ते दोघांचंच.

आणखी एक. तुमच्या आवर्तनाला कात्री लावण्यात नाशिक शहराचा आणि कारखान्यांचाही हात आहे. गंगापूर धरणावर त्यांची मागणी वाढतच चालली. त्यांच्यावर मोर्चा निघालेला मी तरी पाहिला नाही. पैठणवाले लांबचे, त्यांना शिव्या देणं सोपं. अर्थात तिकडेही उसाला पाणी जातं, आणि तोंडाने फक्त पिण्याचं नाव घेतलं जातं, हेही मला दिसतं.

तुम्ही करायचं ते असं : पावसाने ओढ दिलेल्या वर्षी 15 ऑक्टोबरचा पैठणचा साठा बघितल्याशिवाय उसाची नवी लागण करू नका. कालवा सल्लागार समितीची बैठक झाली की रब्बीला किती आवर्तनं आणि उन्हाळ्याला किती, ते शाखा कार्यालयात जाऊन विचारा. पुढाऱ्याच्या तोंडून ऐकू नका.

आणि हो, सहा एकरांत ऊस किती, ते पत्रात लिहिलं नाहीत.