व्हिमआरसी बनवली आणि रंगच उडाले

प्रश्न : नुकतंच उबंटू (लिनक्स) टाकलंय आणि टर्मिनलमध्ये व्हिम हा टेक्स्ट एडिटर शिकतोय. सगळं मस्त चालू होतं, कोड रंगीत दिसायचा. मग लाईन नंबर दिसावेत म्हणून होम फोल्डरमध्ये डॉट व्हिमआरसी नावाची, व्हिमच्या सेटिंग्जची फाईल बनवली, त्यात 'सेट नंबर' एवढी एकच ओळ टाकली, तर नंबर आले पण रंग गेले, माऊस चालेना आणि फाईल परत उघडली की कर्सर आधीच्या जागेवर जायचा तो आता सरळ पहिल्या ओळीवर. एका ओळीने एवढं बिघडतं का? नेटवर एकाची तयार लांबलचक व्हिमआरसी मिळालीये, तीच टाकून देऊ का?

उत्तर : बिघडलं काहीच नाहीये हो, तुमची ओळ पण बरोबर आहे. मुळात जुना व्हिम स्वतःची फाईल नसलेल्या माणसाला थेट १९७६ च्या 'व्हीआय' (व्हिमचा पूर्वज) सारखा वागवायचा, म्हणजे रंग नाही काही नाही, आणि नवीन माणूस तिथेच कंटाळून पळायचा. म्हणून २०१६ साली व्हिम ८ मध्ये डिफॉल्ट्स डॉट व्हिम नावाची फाईल आली, ज्यात रंग, माऊस, कर्सरची जागा वगैरे सगळं आहे, पण ती लोड कधी होते तर तुमची स्वतःची व्हिमआरसी नसेल तेव्हाच. तुम्ही फाईल बनवलीत, व्हिम म्हणाला आता हे आपलं आपण बघतील, आणि बाजूला झाला. हे कुठेतरी ठळक सांगायला हवं होतं असं माझं मत, पण असो. उपाय सोपा आहे, फाईलच्या अगदी पहिल्या ओळीत 'रनटाईम डिफॉल्ट्स डॉट व्हिम' लिहा (तिन्ही शब्द इंग्रजी लिपीत, डॉटच्या जागी टिंब, आणि 'रनटाईम'नंतर एकच स्पेस), खाली तुमच्या सेटिंग्ज. क्रम उलटा करू नका, नाहीतर ती फाईल तुमचंच एखादं सेटिंग पुसून टाकेल.

तयार फाईल मात्र नको. त्यात त्या माणसाचे प्लगिन (व्हिमला जोडलेले जादा प्रोग्रॅम), त्याचे शॉर्टकट, आणि तुम्ही साधं एक बटण दाबलं की भलतंच काहीतरी होणार आणि का झालं ते कळणार नाही. त्यातली एखादी ओळ आवडली तर आधी व्हिममध्येच कोलन हेल्प देऊन तिच्याबद्दल वाचा, मग उचला. आणि एखादं सेटिंग नक्की कुठून आलं हे शोधायचं असेल, उदाहरणार्थ टॅबची रुंदी ठरवणारं टॅबस्टॉप, तर कोलन, 'व्हर्बोज सेट टॅबस्टॉप' आणि शेवटी प्रश्नचिन्ह असं टाका, आकडा तर दिसतोच पण तो बदललेला असेल तर खाली 'लास्ट सेट फ्रॉम' म्हणून फाईलचं नाव पण येतं, हे फार कामाचं आहे.

माझ्याकडून एकच भर, 'सेट अनडूफाईल' टाका, म्हणजे फाईल बंद करून परत उघडली तरी अनडू चालतं. त्यासाठी अनडूडिर (अनडूच्या फाईली कुठे ठेवायच्या ते सांगणारं सेटिंग) मध्ये वेगळा फोल्डर दिलात तर तो आधी स्वतः बनवून ठेवा, व्हिम तो बनवत नाही आणि तक्रार पण करत नाही, गपचूप काहीच सेव्ह होत नाही.

प्रश्न : माझं सगळं सेट झालंय, पण सूडो (अ‍ॅडमिनच्या हक्काने कमांड चालवणारं) लावून व्हिम उघडला की माझी एकही सेटिंग दिसत नाही, असं का?

उत्तर : कारण तेव्हा व्हिम रूट (सिस्टीमचा सर्वाधिकारी युजर) म्हणून चालतो आणि रूटच्या होममधली फाईल शोधतो. तुमची फाईल तिकडे कॉपी करत बसू नका, प्लगिन असतील तर ते पण रूटच्या हक्काने चालतील. त्याऐवजी सूडोएडिट वापरा, ते फाईलची तात्पुरती कॉपी काढून तुमच्याच नावाने एडिटर उघडतं. त्यात व्हिमऐवजी नॅनो हा दुसरा एडिटर उघडला तर बॅशआरसी (टर्मिनलच्या सेटिंग्जची फाईल) मध्ये एडिटर व्हेरिएबलला व्हिम एक्सपोर्ट करा आणि टर्मिनल नवीन उघडा. फक्त मध्येच सेव्ह केलं म्हणून मूळ फाईल बदलली असं समजू नका, व्हिममधून बाहेर पडल्यावरच ती बदलते.