नोटा, थुंकी आणि तंबाखू

प्रश्न : मी जालन्याच्या मोंढ्यात आडतीवर मुनीम आहे. सोयाबीनच्या हंगामात दिवसभर नोटा मोजतो. करोनापासून सुनेनं धास्ती घेतली आहे. घरी आणलेल्या नोटांवर ती सॅनिटायझर मारते, मागच्या आठवड्यात तर इस्त्री फिरवली आणि पाचशेची एक नोट कडेला करपली. नोटांतून खरंच विषाणू लागतात का?

उत्तर : आधी ती इस्त्री बंद करायला सांगा.

सूनबाईंची भीती अगदीच हवेतली नाही. २००८ साली स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी नोटांवर फ्लूचे विषाणू लावून पाहिले. नुसते लावले तर ते फार तर तीन दिवस टिकले, शेंबडात मिसळून लावले तेव्हा काही १७ दिवसांपर्यंत. ऑस्ट्रेलियात २०२० मध्ये करोनाचा विषाणू २० अंशांना, अंधारात, नोटांवर २८ दिवस टिकला. ४० अंशांना मात्र काही पृष्ठभागांवर एक दिवसही काढू शकला नाही. आता जालन्याचा मे महिना आठवा!

शिवाय नोटेवर असणं वेगळं आणि नाकातोंडात जाणं वेगळं. वस्तूला हात लागून करोना होण्याची शक्यता दर स्पर्शामागे दहा हजारांत एकाहूनही कमी, असं अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेनं २०२१ मध्ये सांगितलं. फ्लू काय, करोना काय, मुख्यतः येतो तो गादीसमोर बसून खोकणाऱ्याच्या श्वासातून.

मला धास्ती आहे ती तुमच्या अंगठ्याची. माझे वडीलही आडतीवरच होते. अंगठा जिभेला, चार नोटा फर्रकन पुढे, परत अंगठा जिभेला. गड्डी संपली की डाव्या तळव्यावर तंबाखू-चुना, त्याच अंगठ्यानं मळायचा आणि चिमूट ओठाखाली. एवढ्यात कोणी हिशेबाची पट्टी घेऊन आला की पुन्हा नोटा. नोट बिचारी तोंडात जात नाही, अंगठा जातो. जुलाबाचे जंतू, काविळीतला हेपॅटायटिस ए, यांना हीच वाट सोयीची.

बँकेतला रोखपाल वापरतो तसा ओला स्पंज डबीत घालून गादीवर ठेवा. तो रोज धुवा, नाहीतर त्याचाच वास सुटेल. जेवणाचा डबा उघडण्याआधी साबणानं हात धुवा. जुलाबाच्या काही विषाणूंपुढे सॅनिटायझरचं फारसं चालत नाही. तंबाखूबद्दल मी वेगळं काय सांगू, तुम्हाला माहीतच आहे.

करपलेली नोट टाकू नका, बँकेत दाखवा.