उत्तर: दुपारी घरी भाऊ अन् माय दोघंच, पूर नाहीतर आग आली तर काय करायचं

ताई, तुमचा प्रश्न वाचला. वणी तालुक्यात वर्धेच्या काठी गाव, घरामागून नाला, भाऊ कमरेखाली लुळा, मायले कमी ऐकू येते, अन् तुम्ही बाकी सगळे दिवसभर वावरात. वरती बहुतेकांनी 112 लावा, 108 लावा एवढंच लिहिलं. नंबर पाठ असावेतच, जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा 1077 पण लिहून ठेवा, पण गाडी तालुक्याहून निघून तुमच्या रस्त्यानं पोचेपर्यंत जे काही करायचं ते घरच्यानं अन् शेजाऱ्यानंच. मी स्वतः चाकाच्या खुर्चीवर (व्हीलचेअरवर) आहे, मणक्याचाच प्रकार, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे प्लॅन रात्रीचा करू नका, दुपारचा करा. रात्री घरात चार माणसं असतात, कोणीही उचलते. दुपारी दोन वाजता गावात कोण असते ते बघा, म्हातारे, लेकरं, किराणा दुकानवाला, अंगणवाडीतल्या ताई, एखादा पिठाच्या चक्कीवाला. त्यातले धडधाकट तीन-चार निवडा अन् त्यांच्याशी भावानंच बोलायचं, तुम्ही नाही. ज्याले उचलायचं त्यालेच माहीत असते कुठं धरलं की दुखते, पाय कधी झटके मारते. त्याचा फोन चार्ज अन् हाताशी, त्या तिघा-चौघांचे नंबर सगळ्यात वर.

अन् बाहेरून कुलूप लावून जात असाल (बरेच घरी लावतात, चोरीच्या भीतीनं, मी समजू शकतो) तर ते आजपासून बंद. कडी आतून, ती पण बसल्या हाताला येईल अशा उंचीवर, अन् एक चावी शेजारी. बाकी सगळं नंतर करा पण हे आधी.

आता आग. आपल्याकडं दिवाळीनंतर चांगल्या दराची वाट पाहत कापूस घरातच पडून राहते, समोरच्या खोलीत छताला टेकेपर्यंत गंजी अन् मधून एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी वाट. खाज सुटते ते वेगळंच. त्या वाटेतून खुर्ची निघत नाही, अन् कापूस आतल्या आत धुमसत राहते, वरून विझला वाटला तरी. म्हणून कापूस भरायचाच असेल तर भावाची खोली अन् दार यांच्या मधात भरू नका, अन् मागच्या दाराशी पऱ्हाट्या (कापसाची वाळकी झाडं), कुटार (भुसा) रचू नका. भावाचा पलंग मागच्या दाराच्या जवळ घ्या. गादीखाली एक जाड सोलापुरी चादर कायमची अंथरून ठेवा. आगीत उचलत बसायचं नाही, चादरीसकट खाली घ्यायचं अन् डोक्याकडून ओढत न्यायचं, ओढणाऱ्यानं वाकूनच राहायचं कारण धूर वर असते. उंबऱ्यावर उशी टाकली की पाठ आपटत नाही. बाहेर काढल्यावर कंबर, ढुंगण, टाचा डोळ्यानं बघा, कमरेखाली जाणीव नसल्यानं भाजलं सोललं तरी आपल्याले कळत नाही.

पुरात घाई थोडी कमी असते, जर वेळेवर हललं तर. नदी भरली की नाल्याचं पाणी पुढं जात नाही, उलटं फुगते, अन् गावात मागच्या बाजूनं शिरते, 2022 च्या जुलैत वर्धाकाठच्या गावांनी पाहिलंच. तुमच्या घरामागंच नाला म्हणजे नदीकडं बघत बसून उपयोग नाही. नाल्याच्या काठी एक खूण ठरवा, एखादा दगड, लाईटचा खांब, काहीही, अन् पाणी तिथं आलं की निघायचं, पाऊस थांबेल मग बघू असं नाही. धरणाचे दरवाजे उघडणार अशी दवंडी नाहीतर मेसेज आला तर खुणेची पण वाट पाहू नका. रपट्यावरून (नाल्यावरच्या बुटक्या पुलावरून) पाणी वाहत असताना ट्रॅक्टर घालणारे हिरो प्रत्येक गावात असतात, त्यांच्या ट्रॉलीत भावाले बसवू नका. पाणी रपट्याले टेकायच्या आत पलीकडं, नाहीतर गावातच उंच जागी.

न्यायचं कसं तर काळ्या मातीच्या गाऱ्यात खुर्ची दोन पावलं पण जात नाही, चाकं रुतून बसते. बाजेवर निजवून चौघांनी उचलणं सगळ्यात सोपं, बंडी किंवा ट्रॉली असली तर बाज तशीच वर. दोघंच असले तर एकानं मागून काखेतून हात घालून भावाचे मनगट त्याच्याच छातीवर धरायचे, दुसऱ्यानं गुडघ्याखाली. हात धरून ओढू नये, खांदा निखळते. बाईकवर मधात बसवून नेण्याची आपल्याकडं सवय आहे, पण पाय सायलेन्सरले टेकून पोळते अन् घरी गेल्यावर समजते. लघवीची पिशवी असेल तर उचलताना ती कमरेच्या खालीच ठेवा, पोटावर ठेवली तर उलटं वाहते, अन् नळी कशात अडकत नाही ना ते बघा. खुर्ची मागून आली तरी चालते, पण तिची गादी भावासोबतच पाहिजे, पुरात आसरा घेतलेल्या शाळेच्या फरशीवर एक रात्र तशीच बसून काढली की दाबानं जखम तयार, अन् ती महिनोन् महिने भरत नाही.

शाळेचं पण आधी जाऊन बघा. मतदान तिथं होत असल्यानं बऱ्याच झेडपी शाळेत रॅम्प असते, संडास मात्र खुर्चीनं जाता येईल असा क्वचितच. नसेल तर कोणाचं पक्कं घर वापरता येईल ते आताच विचारा.

मायसाठी: हाका मारून फायदा नाही. शेजारणीले सांगून ठेवा, सरळ समोर जाऊन, अंधार असला तर आधी टॉर्च भिंतीवर फिरवून. अन् एक ठरलेला इशारा, उदाहरणार्थ दोन्ही हात दाराकडं, म्हणजे प्रश्न न विचारता निघायचं. माय भावाले सोडून निघणार नाही, हे धरूनच चाला, म्हणून तिच्याकडं काम द्या, औषधाची पिशवी तिच्या हातात. त्यात आठवडाभराच्या गोळ्या, जादा नळी-पिशवी, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगाचं सरकारी ओळखपत्र), आधार, रेशन कार्ड, सगळं प्लास्टिकमध्ये.

सरकारी बाजू थोडक्यात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 8 प्रमाणं जिल्हा आपत्ती प्राधिकरणानं जिल्ह्यातल्या दिव्यांगांची नोंद ठेवायची अन् धोक्याची सूचना त्यांच्यापर्यंत पोचवायची असते. आपोआप कोणी येत नाही बाप्पा, तहसीलला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असते, मागच्या दाराच्या रॅम्पसाठी तिथं मागा, ग्रामसभेत बोला म्हणजे इतिवृत्तात येते.

पावसाळ्याच्या आधी एकदा खरंच उचलून शाळेपर्यंत नेऊन बघा, लोकं हसतील, हसू द्या. आता मागच्या दाराची रुंदी, उंबऱ्याची उंची अन् खुर्चीची रुंदी मोजून इथं टाका, उंबऱ्यावरून खुर्ची उतरवायले फळी किती लांब लागेल ते सांगतो.